मागाहून तुरट

“गुणी आहे हो रेवती, कोपऱ्यात बसून एकटीच डबा खाते,” असे माझ्या लेकीच्या शाळेतल्या बाई कौतुकाने म्हणाल्या आणि माझी झोप उडाली. गावात आम्ही नवीन. रोज विचारावे, “डबा कसा होता?” तर उत्तर एकच: “छान.” पालकत्वावरची इतकी व्याख्याने ऐकलेल्या मला उपाय काय सुचला, तर गोष्ट! वाटाणे सोलता सोलता, तोंडाला येईल तशी सांगू लागले.

एकदा एका वृद्ध गुरूंपाशी जुन्या वाटाण्याचे मूठभर बी उरले होते. हा वेल माणसाच्या डोक्यावर जाई. त्याला आधाराच्या काटक्या लागत, म्हणून लोकांनी बुटका वाटाणा जवळ केला आणि याला सोडून दिले. गुरूंनी शिष्याकडून उरलेले बी पेरून घेतले. तुरीच्या वाळक्या काटक्या, तुराट्या, रोवल्या, वेल चढले. पण पानांवर भुरीचा रोग पडला, आणि थोड्याच शेंगा हाती लागतील असे दिसू लागले. त्या शेंगा बियाण्यासाठी वेलावरच वाळवायच्या होत्या. शिष्य दिवसभर पोपट हाकलत बसे.

एके सकाळी गुरूंनी त्यांतली सर्वांत भरलेली शेंग तोडली, सोलली आणि दाणे शिष्यापुढे धरले.

“अहो गुरुजी, हे तर बियाणं!”

“खा.”

शिष्याने भीत भीत खाल्ले.

“कसा लागला?”

“गोड आहे, गुरुजी.”

“गोड तर सगळेच असतात रे. मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. नीट चाव.”

शिष्याने डोळे मिटून पुन्हा चावले. मग संकोचून म्हणाला, “रागावू नका. आधी गोड लागतो, पण मागाहून जरा तुरट. सालीपाशी.”

गुरू बांधावर बसले.

“माझं चुकलं का?”

“नाही रे. हा वाटाणा माझ्याबरोबर खाल्लेलं आता कोणी उरलं नाही. तो तुरटपणा मला एकट्यालाच आठवत होता. एकट्याने आठवलेली चव खरी की मनाची, हे विचारायचं कुणाला? मलाच शंका येऊ लागली होती. आज मी न सांगता तू ‘तुरट’ म्हणालास. एक शेंग गेली, जाऊ दे. ज्याने चव घेतली, तोच पुढच्या वर्षी काटक्या शोधत हिंडेल. आणि ती कशी लागली हे खरं सांगणारं एक माणूस मिळालं, की म्हातारपणी एवढं पुरतं.”

शिष्याने उरलेले दाणे गुरूंच्या हातावर ठेवले. दोघांनी मिळून ते सावकाश खाल्ले.

गोष्ट संपली. कशी लागली हे खरे सांगायला कोणीतरी हवे, एवढेच तात्पर्य मला रेवतीपर्यंत पोचवायचे होते. मी ते तोंडात घोळवत होते, तेवढ्यात तिने हातातली शेंग खाली ठेवली.

“आई, दुपारी तू पण एकटीच जेवतेस ना? मग मी उद्या डब्यातलं थोडं उरवून आणते. आज भाजी खारट झाली होती.”