मेहुण्याच्या हातातला दोर

एका राज्यात पाणी होते, पण पिता येत नव्हते. विहिरी काठोकाठ भरलेल्या, आणि घोटभर घ्यावे तर तोंड खारट. राजा चित्रभानूच्या बापाने, चंडवर्म्याने, तरुणपणी समुद्राखालची तीन ठिकाणे लुटली होती. पोवळ्यांच्या वनातून तांबडी फांदी आणली, बुडालेल्या गलबतांतून दिवा आणला आणि बुडालेल्या नगरीतून देवीची नथ आणली. तेव्हा समुद्र काही बोलला नाही. चंडवर्मा मेला, आणि त्याच्या तेराव्याला पहिली विहीर खारट झाली. बापाने खावे आणि लेकाने फेडावे, ही जगाची जुनीच रीत.

आता शेवटची गोडी विहीरही बाटली. राणी कुमुदिनीचे दूधसुद्धा खारट झाले. पाळण्यातली तान्ही राजकन्या तोंड फिरवून घेई, आणि तिचे रडणे दिवसेंदिवस बारीक होत चालले. ते ऐकून राजाच्या काळजाचे पाणी होई.

एके सकाळी गच्चीवर पाणकावळा येऊन बसला. पंख पसरून म्हणाला, "राजा, ज्याच्या घरात आले, त्याच्याच हाताने परत जावे. तीन वस्तू, तीन बुड्या. दुसऱ्याच्या हातून समुद्र घेणार नाही."

राजाने पाणबुड्यांच्या वस्तीतून म्हाताऱ्या भागाईला बोलावले. तिने त्याला आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, "महाराज, दोर कोन धरनार?"

"आमचे सेनापती."

"तसं नाय चालत. आमच्यात दोर मेहुणा धरतो, बायकोचा भाऊ. खाली त्याच्या बहिनीचं कुंकू असतं. त्याचा हात सुटत नाय."

राजाचा मेहुणा शूरपाल राजाच्याच तळघरात बेड्यांत पडला होता. राजाला त्याचा डोंगरी किल्ला हवा होता, म्हणून मेजवानीला बोलावून त्याला पकडले होते. ताटावरून उठवून माणूस धरणे, याला राजेलोक राजकारण म्हणतात.

शूरपालाला होडीवर आणले. राजाने आपल्या कमरेला बांधलेला दोर त्याच्या हाती दिला, आणि पाठीशी नंगी तलवार घेतलेला शिपाई उभा केला.

पहिल्या बुडीला राजा पोवळ्यांच्या वनात उतरला. तिथे मासे झाडांना फुलांसारखे लागत आणि उमलले की सुटून पोहायला जात. त्याने तांबडी फांदी बुंध्याला लावली, ती चिकटली. दुसऱ्या बुडीला तो गलबतांपाशी गेला. बुडालेले खलाशी अजून वल्ह्यांवर बसून होते. राजाने दिवा डोलकाठीला टांगला. दिवा पाण्यात पेटला, तशी सर्वांनी वल्ही ठेवली आणि डोळे मिटले. दोन्ही वेळा दोराने त्याला बिनचूक वर आणले.

तिसऱ्या बुडीआधी पाणकावळा म्हणाला, "नगरी फार खोल. धाकाने धरलेला दोर तिथवर पुरत नाही."

राजाने शिपायाला दुसऱ्या होडीत धाडले. "शूरपाल, तुझ्या मागे आता कोणी नाही."

"दिसले," शूरपाल म्हणाला.

राजा खाली गेला. खाली रस्ते होते, दारे होती, आणि दारांतून मासे शेजाऱ्यांसारखे ये-जा करीत होते. देवळात देवी उभी होती, तिचे नाक ओकेबोके. राजाने हात लांबवला आणि दोर ताठ झाला. हातभर अंतर राहिले. मग दोर एकदम ढिला पडला.

सोडला, राजाला वाटले. त्याला राग आला नाही. शूरपालाच्या जागी आपण काय केले असते, हे तो पुरते जाणून होता. छाती फुटू पाहत होती. अजून वर धाव घेतली तर कदाचित जीव वाचला असता. पण वर गेल्यावर त्या बारीक रडण्यापुढे कुठे तोंड लपवणार? तो पुढे सरकला आणि त्याने देवीला नथ घातली.

देवीने डोळे उघडले. राजाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि त्याच क्षणी कमरेला हिसका बसला.

शुद्धीवर आला तेव्हा तो होडीत होता. शेजारी शूरपाल धापा टाकत पडला होता. दोराचे दुसरे टोक त्याच्याच कमरेला बांधलेले होते, आणि नाकातून रक्त येत होते. दोर अपुरा पडला, तसा त्याने स्वतः पाण्यात सूर मारला होता आणि राजाला ओढीत तो वर आला होता.

"मला वाटले, तू सोडलास," राजा म्हणाला.

"तळघरात रोज तुमचे मरणच चिंतीत होतो," शूरपाल म्हणाला. "पण ताईची पोर तहानलेली आहे."

राजधानीत पोचेपर्यंत विहिरी गोड झाल्या होत्या. राजकन्या पोटभर प्यायली आणि झोपली. राजाने दवंडी पिटवली, की समुद्राखालची तिन्ही ठिकाणे ज्याला पाहायची त्याने खुशाल पाहावी, पण वर येताना शिंपलाही आणू नये. किल्ला त्याने परत केला. शूरपाल निघाला, तेव्हा वेशीवरच्या विहिरीपाशी राजाने त्याला गाठले आणि हात जोडले.

"मला क्षमा कर."

"ती मागू नका, महाराज. अजून माझ्यापाशी नाही." शूरपालाने विहिरीतून कळशी भरून ओढली. "पाणी आहे, ते प्या."

राजाने वाकून ओंजळ पुढे केली. शूरपालाने कळशी तिरकी केली, आणि राजाची तहान भागेपर्यंत धरून ठेवली.