धाकू राखणदार आणि प्रवाळांचं कुंड

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. विचारलंत तर मी काहीतरी ठोकून देईन, आणि मग पुढच्या खऱ्यावरही तुमचा विश्वास बसणार नाही.

समुद्राच्या काठावर एक लहानसं राज्य होतं. त्याला तटबंदी नव्हती, कारण तिची गरज नव्हती. किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्याखाली, प्रवाळांची लांबच लांब भिंत होती. मोठ्या लाटा तिथंच आपटायच्या, तिथंच फुटायच्या. काठापर्यंत यायच्या त्या पायांना गुदगुल्या करण्यापुरत्या. आता प्रवाळ दिसतो दगडासारखा, पण असतो जिवंत. रंग आहे तोवर जीव आहे. पांढरा फटक पडला, की आटोपलं.

एका वर्षी नदीला असा पूर आला, की सगळा गाळ त्या भिंतीवर जाऊन बसला. प्रवाळ गुदमरले आणि मेले. पुढच्याच पावसाळ्यात लाटांनी काठावरची माडांची रांग उपटून नेली, मग लोकांची अंगणं नेली.

राणी शहाणी होती. तिनं काठावरच्या कातळात एक खोल कुंड खोदून घेतलं. भरतीचं पाणी एका चरातून त्यात यायचं, ओहोटीला थोडं बाहेर जायचं. भिंतीवर जे थोडे प्रवाळ जगले होते, ते अलगद आणून कुंडात लावले. ते फोफावले की त्यांचे तुकडे समुद्रात नेऊन पुन्हा भिंतीवर बांधायचे, असा बेत होता. दिवस ठरला नारळी पुनवेचा.

कुंडाची राखण होती धाकूकडे. धाकूचं घर काठावरचं शेवटचं. अंगण समुद्रानं आधीच गिळलं होतं, आता मोठ्या भरतीला पाणी ओटीच्या पायरीला लागायचं. भिंत उभी राहिली तर घर राहणार, नाहीतर नाही. हे त्याला कोणी समजावून सांगायला नको होतं.

आणि हा धाकू स्वभावानं असा संशयी, की आपली सावली लांब पडली तरी वळून बघायचा, ही आपलीच ना म्हणून! त्याची बायको यमुना हसून सांगायची, "लग्नात मुंडावळ्या बाजूला सारून बघत होते हो! मुलगी बदलली तर नाही ना, म्हणून!"

कुंडात पाणी निवांत, वरून ऊन भरपूर. झालं, शेवाळ माजलं. प्रवाळांच्या अंगावर हिरवा बुळबुळीत थर चढू लागला. समुद्रात शेवाळ खाणारे हजार असतात, कुंडात कोण होतं? तेव्हा राणीनं सांगितलं, "धाकू, शेवाळ खाणारे जीव आत घ्या. पण बघून घ्या. एक जरी चुकीचा आत शिरला, तर सगळं जाईल."

"राणीसाहेब, माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही," धाकू म्हणाला.

हे वाक्य म्हणणाऱ्या माणसापासून जरा लांबच राहा. पण ते असो.

चराच्या तोंडाशी पाण्यानं भरलेली एक दगडी डोण होती. येणाऱ्या प्रत्येक जिवाला आधी त्या डोणीत ठेवायचं, सोबत प्रवाळाचा एक तुकडा ठेवायचा. तुकडा शाबूत राहिला तर पाहुणा आत. पद्धत चांगली होती. घोळ झाला तो त्या लोकांच्या रीतीमुळे. त्या राज्यात दारी आलेल्याला आधी पोटभर वाढायचे, मग काय ते बोलायचे. आणि पाहुण्याला "तू काय खातोस?" असं विचारणं म्हणजे महापाप. पाहुण्याचे घास मोजता काय, म्हणून लोक तोंडावर थुंकले असते. म्हणून यमुना रोज सकाळी तिसऱ्यांचे शिंपले फोडायची आणि त्यांचा मूठभर गर डोणीत सोडायची. पाहुणा घाटावरून आलेला असो की समुद्रातून, रीत ती रीत.

आता मला सांगा, पोट भरलेला पाहुणा समोरच्या प्रवाळाला तोंड लावेल कशाला? पण हे धाकूच्या डोक्यात आलं नाही. त्याला वाटायचं, संशय घ्यायचा तो चेहऱ्याचा आणि गावाचा.

पहिल्या आल्या गोगलगायी, पाठीवर शंख घेऊन.

"कुठल्या तुम्ही? कोणाच्या? तिथून का निघालात?" धाकूची उलटतपासणी सुरू झाली.

"शेवाळ संपलं तिकडचं, म्हणून निघालो," गोगलगायी म्हणाल्या. गरीब दिसत होत्या. धाकूनं त्यांना आत सोडलं.

मग आला शंखवासी खेकडा. स्वतःचं कवच अर्धवट, म्हणून दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड केलेला.

"तू कोण रे? हा शंख कोणाचा? मालक कुठंय?" धाकूनं डोळे बारीक केले.

"मालक कधीच वारला, धाकूबा. मला आत चार मोकळे शंख टाकून ठेवा, म्हणजे माझी नजर कोणाच्या घरावर जाणार नाही."

"बघा, स्वतःच कबूल करतोय!" धाकू गुरगुरला. पण डोणीतला तुकडा शाबूत होता, म्हणून नाइलाजानं त्यालाही घेतलं. त्याच्या मागून आला एक काळाकुट्ट गोळा, अंगभर हातभर लांब काटे. काठावरचे लोक त्याला काटेबुवा म्हणत. धाकूच्या मनात पाल चुकचुकली. तरी शेवाळ इतकं माजलं होतं, की त्यालाही आत सोडावं लागलं.

आणि मग, एका लख्ख सकाळी, आला तारामासा.

काय त्याचं रूप! दुधासारखं अंग, त्यावर कुंकवाच्या रंगाचे उंचवटे, पाच हात पसरून डोणीच्या तळाशी असा शांत पहुडला, की बघणाऱ्याचे हात आपोआप जोडले जावेत. तुम्हीही कौतुकानं बघायला लागलात ना? थांबा जरा.

"कुठले आपण?" धाकूनं विचारलं. आपण! खेकड्याला तू आणि याला आपण!

"खोल पाण्यातला," तारामासा म्हणाला.

"आधी कुठं होतात?"

"प्रवाळांतच. जन्म तिथंच गेला."

"मग तर घरचेच की!" धाकू खूश झाला. तारामाशानं तिसऱ्या खाल्ल्या, तुकड्याला हातही लावला नाही, आणि धाकूनं त्याला स्वतःच्या ओंजळीतून कुंडात नेऊन सोडलं.

काही दिवस बरे गेले. शेवाळ उतरलं, प्रवाळांचे जांभळे-हिरवे रंग पुन्हा दिसू लागले. धाकूचा जीव भांड्यात पडला. आणि मग एके सकाळी त्याला एका प्रवाळावर वाटीएवढा पांढरा डाग दिसला.

दुसऱ्या दिवशी आणखी एक दिसला.

धाकूचं तोंड उतरलं. तो कुंडाच्या काठावर ठाण मांडून बसला आणि एकेकाकडे रोखून बघू लागला. खेकडा तुरुतुरु चालत होता. एवढी घाई कसली याला? चोराचीच चाल ही! धाकूनं हात घातला आणि खेकड्याला समुद्रात भिरकावून दिलं.

"अहो धाकूबा, मी शेवाळच खात होतो हो!" खेकडा ओरडला. पण ऐकतो कोण?

डाग थांबले नाहीत. आता धाकूची नजर काटेबुवांवर गेली. "हे काटे घेऊन फिरायचं, आणि प्रवाळांना ओरखडे काढायचे, असं आहे होय!"

काटेबुवा शांतपणे म्हणाले, "माझे काटे मला खाणाऱ्यांसाठी आहेत. मी काय खातो ते हवं तर बघा."

"पाहुण्याचे घास मी मोजत नाही," धाकू ताठ्यात म्हणाला, आणि काठीनं ढकलत ढकलत त्यांना चरातून बाहेर काढलं. गोगलगायींवर त्याचा संशय होताच. पांढरा डाग जिथं, तिथं एखादी तरी फिरताना दिसायची. त्याही गेल्या.

आता शेवाळ पुन्हा चढू लागलं, आणि डाग तर वाढतच होते. धाकूनं जेवण टाकलं. दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसायचा, आणि डोळ्यांसमोरचं तेवढं दिसायचं नाही.

यमुनेला दिसलं होतं. ती म्हणाली, "अहो, तो गोरागोमटा पाहुणा दिवसभर प्रवाळांवर लोळत पडलेला असतो. त्याच्याकडे कधी बघता का?"

"त्याच्याकडे?" धाकू भडकला. "अगं, तो बिचारा त्यांना कुशीत घेऊन बसतो! कोणाच्या अध्यात ना मध्यात. आणि तुला त्याच्यात खोट दिसते? का, स्वतःचं झाकायचंय?"

"स्वतःचं काय?"

"तूच चरात मासळीच्या टोपल्या धुतेस. तूच पाणी नासवलंस. तरी म्हटलं, डाग येतात कुठून!"

ज्या बाईनं कुंडाच्या पाण्याला कधी पायाचा अंगठा लावला नव्हता, तिला हे ऐकावं लागलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते तिनं धाकूला दिसू दिलं नाही.

"संसार झाला इतका, आणि शेवटी मीच चोर!" एवढंच ती म्हणाली. लुगड्यांचं बोचकं बांधलं आणि भावाच्या गावी निघून गेली. धाकूनं थांबवलं नाही. उलट मनात म्हणाला, गेली ना? म्हणजे मनात काहीतरी होतंच!

बघा, संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की माणूस कसा आंधळा होतो ते. राग येतो मला या धाकूचा. पण आपणही असं कधी केलंय का, तेही जरा आठवून बघा.

आता कुंडावर धाकू आणि कुंडात तारामासा, दोघंच उरले. धाकू त्याच्याशी बोलायचा, आपलं दुःख सांगायचा. तारामासा ऐकून घ्यायचा. ऐकणारा मिळाला की माणूस खूश.

पण शेवाळ कोण काढणार? एका दुपारी धाकू काथ्याचा पुंजका घेऊन स्वतःच पाण्यात उतरला. घासत घासत तारामाशापाशी आला. "जरा सरकता का?" म्हणाला. तारामासा हलला नाही. तेव्हा धाकूनं दोन्ही हातांनी त्याला हळूच उचललं.

आणि खाली बघितलं.

तारामाशाच्या अंगाखाली त्याचं पोटच बाहेर आलेलं होतं. पातळ पिशवीसारखं प्रवाळावर पसरलेलं. त्याखालचा प्रवाळ अर्धा विरघळलेला, पांढरा फटक.

"तू?" धाकू ओरडला. "तू होतास?"

"मीच की," तारामासा म्हणाला. त्याला ना लाज, ना भीती. "जेवतोय. का?"

"इतके दिवस मी तुझ्यापाशी रडलो, आणि तू बोलला नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? गाव विचारलंत, आधी कुठं होतो तेही विचारलंत. काय खातो, हे नाही विचारलंत. डोणीत तिसऱ्या होत्या, तिसऱ्या खाल्ल्या. इथं प्रवाळ आहेत, प्रवाळ खातो. माझं पोट मी कुठं ठेवू?"

धाकूला त्याला कातळावर आपटावंसं वाटलं. पण आपटून करणार काय? खोटं तर तो एक शब्द बोलला नव्हता. धाकूनं त्याला खोल पाण्यात नेऊन सोडलं आणि परत येऊन कुंडाकडे बघितलं. कुंडभर पांढरे सांगाडे. एका कोपऱ्यात ओंजळभर प्रवाळ तेवढे जिवंत होते.

तो काठावर बसला आणि हमसून हमसून रडला.

मग उठला, आणि चालत चालत मेहुण्याच्या गावी गेला. यमुना दारात तांदूळ पाखडत होती. त्यानं तिच्यासमोर मान खाली घातली.

"मी ज्याला ओंजळीतून आत नेलं तो चोर निघाला, आणि ज्यांना हाकललं ती सगळी साव होती. तू सगळ्यांत आधी."

यमुनेनं सूप खाली ठेवलं नाही. सगळे तांदूळ पाखडून होईपर्यंत त्याला उन्हात उभं ठेवलं. मग आत जाऊन बोचकं घेऊन आली.

नारळी पुनवेला राणी होड्या घेऊन आली. भिंतीवर बांधायला तिला त्या ओंजळीतले चार तुकडे मिळाले, बाकीचे वाढण्यासाठी कुंडातच ठेवावे लागले. ती धाकूला काही बोलली नाही. त्याला वाटलं, बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या पावसाळ्यात समुद्र धाकूच्या ओटीवर आला. मग माजघरात शिरला. नवराबायको कातळावर उभं राहून आपलं घर जाताना बघत होती. भिंती गेल्या, कौलं गेली, चूल गेली.

धाकू म्हणाला, "समुद्रानं नाही नेलं हे. मी घालवलं."

यमुना म्हणाली, "रडायचं नंतर. ओहोटी लागली आहे, उरलेल्या प्रवाळांवरचं शेवाळ घासायला हवं. ते खाणारे तुम्ही हाकललेत ना?"

काटेबुवांना, खेकड्याला, गोगलगायींना धाकूनं चराच्या तोंडाशी बसून कितीदा हाका मारल्या. कोणी परत आलं नाही. तेव्हापासून तो रोज कुंडात गुडघाभर पाण्यात उभा राहून त्या सगळ्यांचं काम दोन हातांनी करत असे. आणि डोणीत कोणी नवा पाहुणा आला, की यमुना तिसऱ्या बाजूला ठेवायची, त्याला आधी उपाशी ठेवायची आणि तो प्रवाळाकडे वळतो की शेवाळाकडे, ते बघत बसायची. गावातले लोक तिला कंजूष म्हणायचे. ती ऐकून घ्यायची.

तात्पर्य: कोणालाही आत घेण्याआधी त्याचं रूप बघू नका, गाव विचारू नका, पोट रिकामं असताना तो कशाला तोंड लावतो, ते बघा.