बंदुकीचं खरकटं

फार फार वर्षांपूर्वी, राजे अजून स्वतःच्या घोड्यावर स्वतः चढत असत तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात रानडुकरं पुष्कळ आणि बंदूक एकच. राजाने ती गावाला दिली होती आणि गावाने एका शिकाऱ्याच्या हाती सोपवली होती.

ती ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी सोडायची, लोखंडी गजाने ठासायची आणि देवाचं नाव घ्यायचं. दसऱ्याला शिकार सुरू होई, शिमग्याला बंद होई. शिमग्यापासून दसऱ्यापर्यंत रान जनावरांचं असे.

शिकाऱ्याचा नेम चांगला होता, पण त्याच्या गोष्टींचा पल्ला नेमापेक्षा लांब होता. डुक्कर रानात असताना कुत्र्याएवढं असे, ओढा ओलांडेपर्यंत वासराएवढं होई आणि शिकाऱ्याच्या ओट्यावर पोचेपर्यंत रेड्याच्याही पुढे जाई. गावाची तक्रार नव्हती. मांस एका जेवणात संपतं, गोष्ट वर्षभर पुरते.

त्या वर्षी शिमग्याच्या आदल्या दिवशी शिकारी रानातून परतला. सकाळपासून बरेच बार काढले होते. शेवटचा भरला, पण डुक्कर पुन्हा दिसलंच नाही, आणि तो बार तसाच नळीत राहिला.

बायकोने चुलीवर हंडा चढवून ठेवला होता. हंगाम संपला की बंदुकीला न्हाऊ घालायचं ही रीत होती. आतला बार काढायचा, कढत पाण्याने नळी धुवायची, गजाला चिंधी गुंडाळून ती पांढरी बाहेर येईपर्यंत घासायची. मग आतून चरबीचा हात फिरवायचा, तोंडात मेणकापडाचा बोळा बसवायचा आणि बंदूक कोरड्या कोपऱ्यात पालथी उभी करायची.

"अहो, पाणी कढलंय," ती म्हणाली.

"आलोच. ओट्यावर माणसं आलीत. एवढी गोष्ट संपवतो."

गोष्ट संपेना, कारण त्या दिवशीचं डुक्कर फारच मोठं होतं. पाणी निवलं. बायकोने पुन्हा तापवलं. डुक्कर शिकाऱ्याच्या अंगावर धावून आलं आणि पाणी पुन्हा निवलं. शेवटी त्या पाण्याने तिने स्वतःच आंघोळ उरकली आणि ती स्वयंपाकाला लागली.

दुसऱ्या दिवशी शिमगा होता. मग लेकीचं लग्न निघालं. व्याही बघायला येणार म्हणून शिकाऱ्याने बंदूक काढली. दस्त्याला तेल चोळलं, पितळी पट्ट्या चिंचेने लखलखीत केल्या आणि बंदूक पडवीतल्या खुंट्यांवर तोंड वर करून टांगली. आल्यागेल्याची नजर थेट तिच्यावर पडे.

"आत काजळी आहे तिच्या," बायको म्हणाली. "बारही तसाच आहे."

"मुद्दाम ठेवलाय. दसऱ्याला मानाचा बार काढायचाच असतो. तेव्हा आयता तयार."

माणसाने आळसाला दूरदृष्टी हे नाव दिलं की त्याच्याशी वाद घालता येत नाही. तरी तिने घातला.

"निदान तोंडाला बोळा तरी लावा."

"बंदुकीच्या तोंडात बोळा? व्याही काय म्हणतील? अगं, तुला बंदुकीतलं काय कळतं?"

"बंदुकीतलं नाही कळत. खरकट्यातलं कळतं. उष्टं पातेलं बाहेरून चकचकीत करून फळीवर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यातच आमटी केली, तर जेवाल का तुम्ही?"

शिकारी हसला. उत्तर सुचलं नाही की तो असाच प्रेमाने हसे आणि ते हसू पाहून बायको विरघळे. त्या घरातली ही जुनी अडचण होती.

पावसाळ्यात ओटा ओस पडला. चिखल तुडवत डुकराची गोष्ट ऐकायला कोण येणार? पण एक कुंभारीण येऊ लागली. चिखलाची घरं बांधणारी, बारीक कमरेची माशी. तोंडात चिखलाची गोळी घेऊन ती दिवसभर पडवीत ये-जा करी. शिकारी तिलाच गोष्ट सांगू लागला. इतकी गुणी श्रोती त्याला आजवर मिळाली नव्हती, कारण ती मध्येच शंका काढत नसे. चिखल घेऊन ती जाते कुठे, हे मात्र त्याने कधी पाहिलं नाही. गोष्ट रंगात आली की त्याला समोरची भिंतही दिसत नसे.

दसरा आला. लेक आणि जावई पहिल्या सणाला आले. शिकाऱ्याने बंदुकीला हळदकुंकू वाहिलं आणि नळीच्या तोंडात झेंडूचं टपोरं फूल खोवलं.

"जावईबापू, यंदाचा मानाचा बार तुमचा."

लेकीचा चेहरा असा फुलला की झेंडूची गरजच उरली नाही.

"आत पाहिलंत का?" बायकोने हळूच विचारलं.

"चार माणसांत तो विषय काढू नकोस."

सगळं गाव शिवेवर जमलं. ढोल वाजू लागले. म्हाताऱ्या पाटलांनी हात वर केला. जावयाने फूल काढून आपल्या बायकोच्या हातात दिलं, बंदूक गालाला लावली आणि घोडा चढवला.

तेवढ्यात कुठूनशी कुंभारीण आली आणि नळीच्या तोंडावर बसली. जावयाने तिला हाकललं. ती पुन्हा बसली. पुन्हा हाकलल्यावर ती सरळ शिकाऱ्याच्या कानाशी आली.

त्या काळी माश्या बोलत. आजही बोलत असतील, आपल्याला ऐकायला सवड नाही इतकंच.

"शिकारीबुवा," ती म्हणाली, "अख्खा पावसाळा मी तुमची गोष्ट ऐकली. आता माझी ऐका, छोटीच आहे. त्या नळीत माझं घर आहे. मातीचं, चांगलं पक्कं. आत माझी लेकरं झोपलीत."

शिकाऱ्याने बंदुकीकडे पाहिलं. तळाशी भरलेला बार आणि वर मातीने बुजलेली नळी. दारू पेटली की बाहेर पडायला वाट शोधणार. समोर वाट नसली तर ती नळी फोडणार आणि नळीला गाल लावून जावई उभा होता. पलीकडे हिरव्या चुड्यातली लेक ते फूल हातात धरून कौतुकाने बघत होती.

थांबा म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. क्षणभर त्याच्या जिभेवर एक छान, लांबलचक गोष्ट आली. मुहूर्ताची, अपशकुनाची, कसलीशी. मग त्याला जावयाचं बोट चापाकडे सरकताना दिसलं.

"थांबा, जावईबापू! घोडा उतरवा!"

तो धावला. त्याने नळी आभाळाकडे केली आणि बंदूक काढून घेतली. ढोल थांबले.

"काय झालं, मामा?" जावई गोंधळला.

"बंदूक धुतलेली नाही."

"कधीपासून?" पाटलांनी विचारलं.

"शिमग्यापासून."

"आणि बार?"

"आतच आहे."

"आणि ती माशी सारखी नळीवर बसत होती, तिथे काय आहे?"

शिकारी म्हणाला, "बाळंतीण आहे."

गाव पोट धरधरून हसलं. शिकाऱ्याच्या सगळ्या गोष्टींत ही सर्वांत छोटी होती, आणि जिच्यातलं जनावर जराही वाढवलेलं नव्हतं अशी ही पहिलीच. फक्त जावई हसला नाही. आपल्या गालावरून हात फिरवत तो खाली बसला. लेक त्याच्याजवळ जाऊन बसली.

बायकोने नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला. बोलण्यासारखं खूप होतं, पण ती एवढंच म्हणाली, "घरी गेल्यावर पाणी ठेवते."

"लेकरं उडू देत आधी," शिकारी म्हणाला.

पिल्लं उडाली, त्यानंतर बार निघाला, त्यानंतर कढत पाणी आलं. चिंधी आधी काळी आली, मग तांबडी. ती तांबडीच येत राहिली. गंजाने नळी आतून खाल्ली होती, आणि नवी घडवून आणायची तर राजधानी गाठायला हवी होती.

तो हंगाम गावाने बंदुकीशिवाय काढला. शिकारी ज्वारीच्या शेतात राखणीच्या माळ्यावर बसून डुकरांवर ओरडत राहिला. आवाज मुळातच मोठा, तो गावाच्या कामी आला. बायको गरम भाकरी घेऊन माळ्यावर येई आणि घसा बसलेल्या नवऱ्याला गूळ भरवी. त्या वर्षी घरात तीच जास्त बोलली आणि तिला ते आवडलं.

शिमग्याच्या सुमारास नवी नळी आली. त्यानंतर दर हंगामाच्या शेवटी गोष्ट ऐकायला ओट्यावर आलेल्यांना आधी चिंध्या फाडून द्याव्या लागत. गजावरची चिंधी पांढरी आल्याशिवाय शिकारी तोंड उघडत नसे. मग बंदुकीच्या तोंडात बोळा बसे आणि ती कोपऱ्यात पालथी उभी राही. पडवीतल्या रिकाम्या खुंट्यांवर त्याने बांबूचं एक पोकळ नळकांडं बांधलं होतं, तोंड उघडं ठेवून. पावसाळ्यात कुंभारीण तिथे येई, आणि तिच्या दाराशी बसून शिकारी तिला डुकराची गोष्ट सांगे.

तात्पर्य: काम फत्ते झाल्याची गोष्ट सांगायला बसण्याआधी त्या कामाचं खरकटं आवरावं.