टिल्लोबाचं खोल दुःख

बाहुल्या आपलं मत बेधडक सांगत, त्या काळची ही गोष्ट. दर रविवारी टीव्हीवर टिल्लोबा नावाचं, हातात घालून नाचवायचं कापडी गाढव आणि कोंबडीकाकू यांचा खेळ लागायचा. टिल्लोबा रुबाबात चालायचा, धप्पकन पडायचा आणि मुलं हसून लोळायची.

पुढे चंद्रहास नावाच्या दिग्दर्शकाने त्यांच्यावर सिनेमा काढायला घेतला. तो म्हणाला, "आजच्या प्रेक्षकाला नुसती पडापड चालत नाही. टिल्लोबा, तुझ्या मनात खोल दुःख कोणतं?"

"लोक पोटात हात घालतात, तेवढंच," टिल्लोबा म्हणाला.

चंद्रहासला ते पुरेना. त्याने टिल्लोबाला खऱ्या केसांची आयाळ चिकटवली, कड्यावर उभं केलं आणि वडिलांच्या आठवणीने रडायला लावलं.

"अरे, तुझे वडील म्हणजे ज्यातून तुला शिवलं, तो जुना पायमोजाच ना?" कोंबडीकाकू कुजबुजली.

सिनेमाच्या पहिल्या खेळाला थिएटर मुलांनी भरलं. पडद्यावर गाढव रडतच राहिलं. एक मुलगी मुसमुसत म्हणाली, "आई, घरी चल ना."

पुढच्या रांगेत बसलेल्या टिल्लोबाला ते सोसेना. तो पडद्यासमोरच्या स्टेजवर चढला, आयाळ उपटून फेकली, रुबाबात चार पावलं चालला आणि धप्पकन थेट चंद्रहासच्या मांडीवर कोसळला. थिएटर हसून लोळलं.

चंद्रहासलाही हसू आवरेना. डोळे पुसत तो म्हणाला, "हे पुढच्या सिनेमात घेऊ या! फक्त तू का पडतोस, त्याला काहीतरी सबळ कारण हवं."

"कारण?" टिल्लोबा म्हणाला. "अहो साहेब, मी गाढव आहे!"