ओंजळीचा झरा

थांबा पाहुणे. चढ उभा आहे, तहान लागली असेल. पण या झऱ्याचं पाणी आपल्या हातानं पीत नाहीत. त्या मागच्या ताईंना पुढे येऊ द्या. त्या ओंजळ धरतील, तुम्ही प्या आणि मग त्यांचं नाव विचारा. ओळखीच्या असल्या तरी विचारा. मी म्हादू गुरव, या कपारीतल्या आईचा पुजारी. माझ्या आज्यानं मला सांगितलं, ते तुम्हाला सांगतो.

फार पूर्वी खालच्या वाडीत येसू नावाची सून होती. नवरा धोंडजी मायाळू, दोन लेकरं, दारात दुभती गाय. रडावं असं काही घडलंच नव्हतं, म्हणून तर कुणाला उमगेना. एका सुगीत तिचं मनच बसलं म्हणे. आधी जात्यावरच्या ओव्या थांबल्या, मग बोलणं, मग जेवण. लेक गळ्यात पडली तरी तिचे हात उचलत नसत. धोंडजीनं अंगारे आणले, उतारे टाकले. गुण आला नाही. लोक म्हणाले, कामचुकार आहे, ढोंग करते.

येसू सकाळी उठून इथं यायची आणि मान खाली घालून दिवसभर बसायची. समोर पाणी वाहतंय आणि हिचे ओठ फुटलेले.

त्या हिवाळ्यात वरच्या माळावर धनगरांचा तळ पडला होता. त्यांच्यातली एक बाई पाणी भरायला आली. तिनं काही विचारलं नाही, समजूत घातली नाही. ओंजळ भरून येसूच्या तोंडाशी नेली.

"आजचं पानी पी, बाय. उद्याचं उद्या बघू."

येसू प्यायली. का प्यायली, ते तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. येसूनं एकदाही मान वर केली नाही. मेंढरांच्या लोकरीचा वास येणारे दोन हात, एवढीच तिची ओळख.

दोन महिन्यांनी एका सकाळी ते पाणी येसूला गार लागलं. इतके दिवस गार-ऊन काही कळतच नव्हतं. ती घरी गेली, लेकीची वेणी घातली आणि पोटभर रडली. दुसऱ्या दिवशी नाव विचारायचं ठरवून ती माळावर धावत गेली. तिथं विझलेल्या चुली होत्या. धनगर पहाटेच तळ हलवून गेले होते.

पुढच्या हिवाळ्यात ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. येसू हळूहळू सावरली. मधूनच पुन्हा अंधारून यायचं, मग ती इथं येऊन बसायची. आईला म्हणायची, "तू मला उठवलंस, जाणते मी. पण जिच्या हातांनी उठवलंस, तिला हाक कशी मारू?"

बऱ्याच वर्षांनी एक म्हातारा धनगर मेंढरं घेऊन आला. येसूनं त्याला सगळं सांगून त्या बाईचं नाव विचारलं. तो म्हणाला,

"बाई, आमच्यातल्या कुनीबी पाजलं असतं. एकीचं नाव कसं सांगू?"

येसू हसली. मग तिनं ओंजळ भरून त्याच्या तोंडाशी नेली. त्या दिवसापासून डोंगर चढून येणाऱ्या प्रत्येकाला ती ओंजळीनं पाणी पाजू लागली. "आता मला पाजा," असं म्हणून त्यांच्याही हातून पिऊ लागली, नाव विचारू लागली. तिन्हीसांजेला आईपुढे ती सारी नावं घ्यायची. शेवटी एका नावापुरती गप्प व्हायची.

आजही एकटा आलेला माणूस दुसरं कुणी येईपर्यंत इथं वाट बघतो. काहींचं दुखणं असं असतं की ते दिसत नाही. अशी माणसं रोज येतात. आणि आजही आरती झाली की मी दिवसभरात ज्यांनी पाणी पाजलं त्यांची नावं आईला सांगतो, आणि मग सगळे मिळून एक श्वासभर गप्प राहतो.