अध्यक्षांची सही

मिरजेच्या आमच्या सोसायटीचे अध्यक्ष खांडेपारकर म्हणजे नियमांचा पुतळा. ऑफिसच्या संडासाची कडी वाकडी झाली होती. एकदा लावली की आतून निघायचीच नाही. तळमजल्यावरच्या रत्नप्रभाबाईंनी घरून स्क्रू ड्रायव्हर आणि खोबरेल आणून ती सरळ केली, तर अध्यक्ष चारचौघांत खेकसले, "लेखी अर्ज आणि माझी सही असल्याशिवाय सोसायटीच्या वस्तूला हात लावायचा नाही! होती तशी करून ठेवा."

बाईंनी मुकाट्याने कडी पुन्हा वाकवली. तेव्हापासून सगळे जण दार नुसतं लोटून घ्यायचे.

वार्षिक सभेच्या दिवशी हॉल भरला, पण अध्यक्षांचा पत्ता नाही. तेवढ्यात संडासातून धडाधड आवाज आला. साहेबांनी सवयीने कडी लावली होती!

"बसू द्या आत," कोणीतरी म्हणालं.

"असं नका म्हणू, शुगर आहे त्यांना," म्हणत रत्नप्रभाबाई धावत घरी जाऊन स्क्रू ड्रायव्हर घेऊन आल्या.

"बाई, फटीतून घाला आणि उघडा लवकर!" आतून आवाज आला.

"उघडते की. दोन मिनिटांचं काम आहे." बाईंनी टेबलावरचा छापील अर्ज भरला आणि पेनासकट दाराखालून आत सरकवला. "फक्त इथे सही करा. आणि साहेब, दुरुस्ती तातडीची का आहे, तो रकाना मी कोरा ठेवलाय. तो तुम्हीच भरा."