तांबटाच्या घरचे मासे

एका गावात एक तांबट राहत होता. काळंठिक्कर भांडं त्याच्याकडे टाकावं आणि तोंड दिसेल इतकं लख्ख करून न्यावं, असा त्याचा लौकिक. घरात तो आणि त्याची आईवेगळी लेक. लेकीने काचेच्या पेटीत पाच मासे पाळले होते. त्यांतला म्हातारा सोनेरी मासा तर तिच्या बोटाशी येऊन खाणं घ्यायचा.

लेकीचं लग्न झालं. निघताना तिने बजावलं, "बाबा, दर रविवारी पाव हिस्सा पाणी बदलायचं. नवं पाणी आदल्या दिवशीच बादलीत भरून उघडं ठेवा, नळाचं औषध उडून जाऊ दे. खाणं चिमूटभरच. आणि खालचे खडे घासायचे नाहीत हं! त्यांच्यावरच्या बुळबुळीनेच पाणी चांगलं राहतं."

"एवढंच ना? करीन की," तांबट म्हणाला. म्हणायला काय जातंय!

दोन रविवार त्याने पाळले. तिसऱ्याला लग्नसराईची भांडी आली आणि मग रविवार आले तसे गेले. खाणं मात्र तो मूठमूठ टाकी. तेवढ्यात त्याची माया भागे. पाणी हिरवं झालं, वास मारू लागलं. लेक फोनवर विचारी, "पाणी बदललंत?"

"बदललं तर!" तो बेधडक सांगे.

दिवाळी आली. लेक-जावई पहिल्या दिवाळसणाला निघाले, तसा तांबटाला घाम फुटला. त्याने मासे बादलीत काढले, पेटीतलं सगळं पाणी मोरीत ओतलं आणि खडे चिंच-राखेने समईसारखे घासायला घेतले.

शेजारच्या काकू धावत आल्या. "अहो, पोरीने काय सांगितलं होतं? थोडंथोडं बदला. आणि तिला खरं काय ते सांगून टाका."

"अर्धं भांडं कुणी घासतं का, वहिनी?" तांबट हसला. त्याने नळ सोडून पेटी काठोकाठ भरली आणि मासे आत सोडले.

पाणी असं नितळ दिसलं की बघत राहावं. तो संध्याकाळभर कौतुकाने बघत बसला. मासे कासावीस होऊन वरखाली धावत होते. त्याला वाटलं, आनंदाने नाचताहेत.

सकाळी लेक आली ती ओवाळून घ्यायलाही न थांबता पेटीकडे धावली. पाचही मासे उताणे तरंगत होते. तिने सवयीने पाण्यात बोट घातलं. म्हातारा मासा हलला नाही.

"बाबा, दर रविवारी बदलत होतात ना?"

तांबटाने पेटीकडे हात केला. "बघ तरी," तो म्हणाला, "पाणी किती लख्ख आहे."

ती बोट पुसून आत गेली. सण उरकून सासरी गेली. तिचा फोन अजूनही येतो. "बाबा, जेवलात? औषध घेतलंत?"

"घेतलं, बाळ." आणि आता त्याने ते खरंच घेतलेलं असतं.

"बरं," लेक म्हणते, "जरा काकूंना फोन द्या."

तात्पर्य: जिवाला रोजची थोडी निगा लागते. ती चुकवून सणापुरता केलेला लखलखाट जीवही वाचवत नाही आणि विश्वासही.